नांगराच्या फाळामागचे बळ



लहान उद्योग मोठ्यांपुढे टिकणार कसा, हा प्रश्न निघाला की चर्चा भांडवल, कर्ज आणि अनुदान यांच्याभोवतीच फिरते. बाहेरून काय मिळेल, याचा हिशेब होतो. घरात काय आहे, याची मोजदाद मात्र राहून जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचे आरंभीचे दिवस या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

१८८८ साली बेळगावात सुरू झालेले ते सायकलींचे साधे दुकान. लक्ष्मणराव मुंबईत यंत्रांची रेखाटने शिकवीत, बंधू रामूअण्णा दुकान पाहत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या लक्ष्मणरावांना रंगांधत्वामुळे तो मार्ग सोडावा लागला होता. परंतु यंत्राचे अचूक चित्र रेखाटणारा हात त्यांच्यापाशी होता. तेच या उद्योगाचे पहिले भांडवल ठरले.

१९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. विलायती नांगर बाजारात होतेच. शिवाय लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे स्वदेशीचे वारे वाहू लागले, तरी केवळ भावनेवर नांगर खपत नसतो. तो मातीत चालावा लागतो. रेखाटन करणारा आणि नांगर घडविणारा जवळ असला, की शेतातली तक्रार थेट साच्यापर्यंत पोहोचते. सातासमुद्रापलीकडच्या कारखान्याला ही सोय नव्हती.

१९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना गेला, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. तोफा बाहेरून आल्या खऱ्या; पण तोफेचा नांगर करण्याची विद्या कारखान्यातलीच होती. ती नसती, तर साहाय्याचे मोल भंगाराइतकेच राहिले असते.

यंत्र विकत घेता येते, दर पाडता येतो, जाहिरातीची नक्कलही होते. वर्षानुवर्षे एकत्र राबलेल्या हातांची समज मात्र प्रतिस्पर्ध्याला बाजारात मिळत नाही. म्हणून लहान उद्योजकाने वर्षअखेरीस नफा-तोट्याबरोबर आणखी एक हिशेब मांडावा : गेल्या वर्षी आपल्या माणसांना जे येत नव्हते, असे काय या वर्षी येऊ लागले? तो रकाना कोरा राहिला, तर ताळेबंदातला नफा फार काळ सोबत करणार नाही.