रॉबीचे पेटारे

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मी पडद्यामागे राहणारा माणूस. गेली सव्वीस वर्षं मंडळाच्या नाटकांची प्रॉपर्टी आणि गणपतीची आरास माझ्याकडे आहे. त्यामुळे सिनेमा बघतानाही नजर नटावर कमी आणि त्याच्या मागच्या सामानावर जास्त. "हे टेबल मागच्या सिनेमात हिरवं होतं," असं म्हटलं की घरची मंडळी वैतागतात. आज तुमची पाळी.

१९५६ साली अमेरिकेत एमजीएम स्टुडिओचा 'फॉरबिडन प्लॅनेट' हा चित्रपट आला. त्यात रॉबी नावाचा यंत्रमानव होता. पारदर्शक डोकं, आत गरगर फिरणाऱ्या चकत्या, आणि पाय म्हणजे एकावर एक रचलेले फुगीर डबे. आत अर्थातच माणूस. तोंडाच्या जागी निळ्या दिव्यांच्या नळ्या होत्या, त्यांच्या फटींतून त्याला बाहेरचं दिसे. आवाज तिसऱ्याचाच. लाकडी साच्यांवर तापवलेलं प्लास्टिक चढवून अंग तयार केलं होतं. हे प्लास्टिक त्या काळी सूटकेस करायला वापरत. पण काम असं चोख, की खर्च लाख डॉलरच्या वर गेला.

रॉबीच्या आराखड्यात आणि बांधणीत ज्यांचा मोठा हात होता, त्यांचं नाव रॉबर्ट किनोशिता. लॉस एंजेलिसचेच, पण वंशाने जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा किनोशिता पती-पत्नी ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत होते. तिथून सुटल्यावर ते विस्कॉन्सिनला गेले आणि तिथे प्लास्टिकचं काम शिकले. मला विचाराल तर रॉबीचा जन्म एमजीएममध्ये नाही, तिथे झाला.

आता एवढे पैसे घातल्यावर वस्तू एकाच चित्रपटापुरती कोण ठेवील? १९५७ला रॉबी 'द इन्व्हिजिबल बॉय'मध्ये आला. मग टीव्हीवर. 'ट्वायलाइट झोन'च्या १९६३च्या एका भागात त्याचं डोकंच बदललं, पण अंगावरून ओळखू येतोच. १९६६ला 'लॉस्ट इन स्पेस' मालिकेत तो तिथल्या रोबोशी भांडला. तो रोबोही किनोशितांचाच. म्हणजे बाप एक आणि भावंडांचं भांडण! १९७४ला 'कोलंबो' या गुप्तहेर मालिकेतही हजेरी लावून झाली. त्याच चित्रपटातली उडती तबकडी 'ट्वायलाइट झोन'मध्ये पुन्हा उडाली, आणि अंतराळवीरांचे गणवेश १९५८ला दुसऱ्याच एका चित्रपटात दुसऱ्याच नटांच्या अंगावर दिसले.

उलटही होतं. 'स्टार ट्रेक'च्या एका भागासाठी मिठाच्या आगळ्यावेगळ्या दाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या आगळ्या, की प्रेक्षकांना ही मीठदाणी आहे हे कळणार नाही, म्हणून साध्या दाण्या वापरल्या. आणलेल्यांची डॉक्टरांची उपकरणं झाली. यावर माझा फार जीव आहे.

पण रॉबीकडे परत येऊ. १९७०च्या सुमारास एमजीएमनं आपली कोठारं रिकामी केली. रॉबी कॅलिफोर्नियातल्या एका मोटारींच्या संग्रहालयात गेला. तिथे लोकांनी हात लावून लावून त्याची दशा केली. पुढे विल्यम मॅलोन यांनी तो विकत घेतला. हे पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नावाजले. त्यांनी आधीच हौसेनं रॉबीची हुबेहूब प्रतिकृती घरी केली होती, त्यामुळे कुठला तुकडा कुठला हे त्यांना ठाऊक. आणि रॉबीबरोबर त्याचे मूळ पेटारेही आले, ज्यांत स्टुडिओनं १९५५मध्येच करून ठेवलेले जादा सुटे भाग होते. कुणी तरी ते तसेच ठेवले होते, म्हणून रॉबी पुन्हा उभा राहिला. २०१७ला न्यूयॉर्कच्या लिलावात तो आणि त्याची गाडी मिळून ५३ लाख ७५ हजार डॉलरना गेले. त्या वेळच्या दरानं ३५ कोटींच्या आसपास.

आता आपल्या माळ्याविषयी. जुन्या सभासदांना बालनाट्यातलं ते रॉकेट आठवत असेल. आपल्यातल्याच एका काकांनी जुन्या कूलरचा पत्रा आणि सायकलच्या रिमा जोडून केलेलं. पुढे तेच रॉकेट रंग बदलून देखाव्यात मंदिराचा खांब झालं, दोन वर्षं दीपस्तंभ झालं, एकदा चक्क हिरण्यकश्यपूच्या महालात उभं राहिलं. रिमांच्या वेल्डिंगवरून मी ते कुठल्याही रंगात ओळखायचो. सात वर्षांपूर्वी माळा साफ करताना मीच ते भंगारवाल्याला दिलं. वजनावर. जागा होत नव्हती, हे खरं. काका गेल्यावर त्यांची नात विचारायला आली, "आजोबांचं रॉकेट बघायला मिळेल का?" तिला दाखवायला माझ्याकडे फोटोसुद्धा नव्हता.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. वस्तू कोणी केली, कशाची केली, कुठल्या नाटकात काय झाली, मग काय झाली. आतापर्यंत एकेचाळीस नोंदी आहेत, पण जुन्या वस्तूंची माहिती मला एकट्याला नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी नऊला माळा खाली उतरवायचा आहे. ज्यांनी कधी काही ठोकलं, रंगवलं, शिवलं, त्यांनी जरूर यावं. जुने फोटो असतील तर आणा, रॉकेटचा असेल तर नक्की आणा. चहा-पोह्यांची सोय आहे.