बंबात काय जळत होते?

जळगाव-धुळ्याला परिषदेला निघालेला पाहुणा टोपी बरोबर घेतो, स्वेटर घेत नाही. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणारा खानदेश सगळ्यांना ठाऊक. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा ६-७ अंशांवर उतरतो, हे बाहेर फारसे माहीत नसते. त्या पहाटे घरोघरी अंघोळीच्या पाण्याची घाई असते. त्या घाईचा विचार करायला आलेल्या सर्वांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

पंधरा लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागते. आकडा किरकोळ वाटतो. पण दोन किलोवॉटचे हजार गीझर सकाळी सहाला एकदम सुरू झाले की दोन मेगावॉटची मागणी उभी राहते, आणि तेव्हा साक्रीच्या सौर प्रकल्पावर ऊन आलेले नसते. छपरावरच्या सौर बंबात मात्र काल दुपारचे ऊन साठलेले असते.

सौर बंबाला अनुदान देण्यासारख्या वीज वाचवण्याच्या योजना परवडतात का, हे तपासण्यासाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० साली स्वतंत्र विनियम केले. या विचाराची मोठी परंपरा कॅलिफोर्नियाची. तिथल्या १९८३ च्या नियमपुस्तिकेने एकाच योजनेचा हिशेब लाभार्थी, वीज कंपनी, उरलेले बिल भरणारे आणि समाज अशा निरनिराळ्या बाजूंनी मांडला.

खानदेशात या बाजू एकमेकींशी भांडतात. खेड्यात आजही कपाशीच्या पऱ्हाट्या घालून बंब पेटतो. त्या घराला अनुदानातून सौर बंब दिला, तर महावितरणचे एक युनिटही वाचत नाही. तिथे वीज लागतच नव्हती. कंपनीच्या वहीत ही योजना तोट्याची. पण पहाटे बंबापुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांतला धूर गेला, तो कोणी मोजायचा? शहरात उलटा प्रश्न: अनुदानाशिवायही ज्याने सौर बंब घेतलाच असता, त्याची बचत योजनेच्या नावावर धरता येत नाही.

शिवाय इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचेच पाणी चटका देते. बारा महिन्यांच्या बचतीचे गणित खानदेशात हिवाळ्यापुरतेच लागू पडते.

म्हणून समितीची कळकळीची विनंती आहे: योजनेला मंजुरी देण्याआधी त्या घरात काय जळत होते, ते विचारा आणि एक हिवाळाभर मोजा.

दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर मागच्या अंगणात भाजली जात आहेत. तिथेच बंबही पेटवून ठेवला आहे. जेवणाआधी सर्वांनी तिकडे जरूर यावे.