दुकानाची वही आणि संगणकाची वही
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्याचे आयुष्य फळा-खडूत गेले त्याने व्यापाराविषयी बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण बी-बियाणे, औजारे, कापड, मसाले यांच्या धंद्यात उतरले आहेत. आणि विक्रीसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न त्यांजपुढे उभा आहे. म्हणून हे धाडस.

आपला वऱ्हाड प्रांत बाजाराच्या शिस्तीला नवखा नाही. कापूस व धान्य यांच्या बाजारांविषयी येथे १८९७ सालीच कायदा झाला होता. साधने मात्र बदलत गेली. रोजकीर्द व खतावणी यांची जागा १९८६ साली निघालेल्या टॅलीसारख्या हिशेबी सॉफ्टवेअरने घेतली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तर संगणक लहान दुकानांतही शिरला. परंतु हिशेबाची वही काय विकले ते सांगते. कोणाला काय विकता येईल, कोणास कोणता शब्द दिला, हे सांगणारी वही निराळी. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्स कंपनीने अशी वही इंटरनेटवरून भाड्याने देण्यास आरंभ केला; आपल्याकडील झोहोनेही २००५ साली तोच मार्ग धरला. हे भाडे बहुधा माणशी व दरमहा असते, हे ध्यानी ठेवावे.

आता एक घरची गोष्ट. माझ्या पुतण्याचे औजारांचे दुकान आहे. त्याने पाच विक्रेत्यांसाठी असे एक सॉफ्टवेअर घेतले. निवडीच्या वेळी मीही हजर होतो आणि रंगीत तक्ते पाहून मीही भुललो. पडद्यावरील भाषा इंग्रजी. खेड्यांत इंटरनेटची रड. मुले खिशातील डायरीत नोंद करीत व आठवड्याने कशीबशी उतरवीत. भरणा झालेल्या उधारीची नोंद राहून गेली, आणि एका वृद्ध शेतकऱ्यास फिटलेल्या रकमेचा तगादा गेला. त्यांनी पावती पुढे ठेवली, एक शब्दही न बोलता ते उठले, आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. वीस वर्षांचा ऋणानुबंध असा तुटला. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या निवडीचा होता.

या अनुभवातून चार कसोट्या सुचतात. पहिली, आपले काम आधी कागदावर मांडावे : गिऱ्हाईक येते कोठून, भाव कोण सांगतो, उधारी कोण वसूल करतो. जे कागदावर मांडता येत नाही ते यंत्रातही नीट बसत नाही. दुसरी, निवड मालकाने एकट्याने करू नये. ज्याला रोज नोंद करावयाची त्याच्या हाती महिनाभर देऊन पाहावे. मराठीत लिहिता येते काय, इंटरनेट नसता चालते काय, हे त्यानेच सांगावे. तिसरी, सोडताना आपली सर्व नोंद तारखांसह परत मिळेल काय, हे घेण्यापूर्वीच विचारावे. चौथी, गिऱ्हाइकाचे नाव, फोन व उधारी ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. परंतु शेजाऱ्याची उधारी चव्हाट्यावर मांडू नये, हे सांगण्यास आपल्या वाडवडिलांना कायदा लागला नव्हता.

ज्याची गिऱ्हाइके शंभराच्या आत आहेत त्याला एक नीट ठेवलेली वही अथवा संगणकावरील साधा तक्ताही पुरेल. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेणे ही निवड नव्हे.

पुतण्याने पुढे साधे, मराठी चालणारे साधन घेतले. आणि त्यात नोंद करण्यापूर्वी तो त्या शेतकऱ्याच्या घरी क्षमा मागण्यास गेला. ते काम कोणत्याही यंत्राकडून झाले नसते. तरुणांनी यंत्र अवश्य घ्यावे. पण शब्द आपला आपणच पाळावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.