सुटलेले कलम : महिलांच्या आंतरक्लब गोल्फ सामन्यांचे नियम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘महिलांच्या आंतरक्लब गोल्फ सामन्यांचे नियम’ असे मी सांगितले. ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग मोठ्या सौजन्याने म्हणाले, “साहेब, ज्ञानेश्वरीवर काही बोलता येणार नाही का?” ज्ञानेश्वरीवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. अधिकार असलाच, तर तो नियमांवर. केंद्र सरकारच्या सेवेत परिपत्रके, नियमावल्या आणि त्यांच्या दुरुस्त्या ह्यांचे मसुदे करण्यातच माझी लेखणी झिजली आहे. आणि मसुदा करताना झालेली जी एक चूक मला अजूनही डाचते, ती कुठल्या सरकारी फायलीत नव्हे, तर स्त्रियांच्या गोल्फ सामन्याच्या एका साध्या नियमपत्रिकेत झाली. आज आपल्या माणसांसमोर तिची कबुली द्यावी, हा माझा हेतू आहे.

गोल्फ हा खेळ आपल्या मध्यमवर्गीय घरांना परका वाटतो, हे मी जाणतो. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची आदिती अशोक चौथी आली आणि एका फटक्याने तिचे पदक हुकले, तेव्हा ज्यांनी गोल्फची काठी कधी हातात धरली नव्हती, अशा अनेकांच्या घरात हळहळ व्यक्त झाली. त्या एका फटक्याच्या हिशेबामागे नियमांची केवढी मोठी इमारत उभी आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

ह्या इमारतीचा एक महत्त्वाचा खांब स्त्रियांनी उभारला आहे. १८९३ साली इंग्लंडमध्ये लेडीज गोल्फ युनियन ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी लिदम सेंट ॲन्स येथे स्त्रियांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. लेडी मार्गारेट स्कॉट विजयी झाल्या. अंतिम सामन्यात ज्या हरल्या, त्या इसेट पिअर्सन. पुढल्या वर्षीही त्याच दोघींची गाठ पडली आणि निकालही तोच लागला. परंतु पिअर्सनबाई ह्या संस्थेच्या पहिल्या कार्यवाह होत्या, आणि हँडिकॅपची पद्धत देशभरच्या क्लबांना एकाच मापाने लागू करण्याचे कार्य त्यांच्या पुढाकाराने सिद्धीस गेले. स्वतः दोनदा पराभूत झालेल्या बाईंनी दुबळ्या खेळाडूलाही बलिष्ठ खेळाडूसमोर सन्मानाने उभे राहता येईल अशी व्यवस्था निर्माण केली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

ही व्यवस्था म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा असतो. आंतरक्लब सामने बहुधा ‘मॅच प्ले’ पद्धतीने होतात. म्हणजे सगळ्या फटक्यांची बेरीज न करता प्रत्येक होल ही स्वतंत्र झुंज मानतात. ज्या खेळाडूने अधिक होल जिंकले, तिने सामना जिंकला. आता समजा, एकीचा हँडिकॅप ८ आहे आणि दुसरीचा २०. फरक १२. एकेरी सामन्यात मैदानावरील सर्वांत कठीण ठरविलेल्या बारा होलांवर दुसरीला प्रत्येकी एका फटक्याची सूट मिळते. अशा होलावर पहिलीने ४ फटके घेतले आणि दुसरीने ५, तर तो होल बरोबरीत सुटतो. पंचवीस वर्षे खेळणारी बाई आणि दोन वर्षांपूर्वी शिकू लागलेली सून ह्यांची लढत अशा रीतीने खरोखरीची लढत होते.

दोन क्लबांच्या संघांत अशा सहा, सात किंवा आठ जोड्या खेळतात. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. खेळाचे मूळ नियम सर्व जगात एकच आहेत. परंतु संघाच्या स्पर्धेला त्यांखेरीज यजमानांची स्वतःची नियमपत्रिका लागते, आणि तिच्यात काही प्रश्नांची उत्तरे असावीच लागतात. खेळाडू त्या क्लबची सभासद कोणत्या तारखेपासून असली पाहिजे? एका मोसमात तिला दोन क्लबांकडून खेळता येईल काय? हँडिकॅप कोणत्या दिवशीचा धरावयाचा? जोड्यांचा क्रम हँडिकॅपनुसारच लावायचा, की कर्णधाराच्या मर्जीने? मर्जीवर सोडले, तर आपली दुबळी खेळाडू समोरच्या बलिष्ठ खेळाडूपुढे मुद्दाम लोटून देण्याचा मोह होतो. ऐनवेळी कोणी आजारी पडल्यास बदली खेळाडू केव्हापर्यंत घेता येईल? वीज कडाडू लागल्यास अर्धवट राहिलेल्या सामन्यांचे काय? कर्णधाराने मैदानावर सल्ला द्यावा काय? मूळ नियमांप्रमाणे खेळाडू आपल्या जोडीदाराखेरीज आणि कॅडीखेरीज कोणाचाही सल्ला मागू शकत नाही. मात्र सांघिक स्पर्धेत समितीने मुभा दिल्यास संघाला एक सल्लागार नेमता येतो. ती मुभा आहे की नाही, हे आधी लिहिलेले असावे. आणि शेवटी, गुण समसमान झाले तर चषक कोणाचा?

हा शेवटचा प्रश्नच माझ्या हातून सुटला.

माझी नेमणूक तेव्हा दुसऱ्या एका राज्यात होती. आमच्या सौभाग्यवती तिथे गोल्फ शिकल्या आणि माझ्याहून पुष्कळ बऱ्या खेळू लागल्या. शेजारच्या गावातील क्लबशी स्त्रियांचा मैत्रीचा सामना ठरला. कोणी तरी नवा चषक दिला. “तुम्ही सरकारी माणूस, नियम तुम्हीच लिहा,” असे दोन्ही कर्णधार स्त्रियांनी सुचविले, आणि मी मोठ्या हौसेने एकवीस कलमे लिहिली. पोशाखाविषयी लिहिले, चहाच्या खर्चाच्या वाटणीविषयी लिहिले. बरोबरीविषयी एक अक्षरही लिहिले नाही. जोड्या सात होत्या. सात ही विषम संख्या. तेव्हा बरोबरी होणारच कशी, असे मी गृहीत धरले. एखादी जोडीच बरोबरीत सुटू शकते, ही बाब अर्ध्या गुणाचे कलम स्वतःच्या हाताने लिहूनही माझ्या ध्यानात आली नाही.

सहा सामने संपले तेव्हा गुण ३–३ होते. सातवी जोडी आमच्या सौ. आणि समोरच्या क्लबची एक तरुण मुलगी ह्यांची. ती क्लबकडून प्रथमच खेळत होती. सतरा होल झाले तेव्हा सौ. एका होलाने पुढे होत्या. अठराव्या होलावर सौ.चा अंदाज चुकला. मुलीचा चेंडू होलापासून हातभर अंतरावर थांबला; तो आत गेला, की होल तिचा आणि सामना बरोबरीत. तिचे हात थरथरत होते. सौ.नी तो फटका तिला बहाल केला. गोल्फमध्ये ह्याला ‘कन्सेशन’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा पुढला फटका यशस्वी झाला असे आपण होऊन मान्य करावयाचे. एकदा दिलेले कन्सेशन परत घेता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला ते नाकारताही येत नाही.

गुण झाले साडेतीन–साडेतीन. सगळ्यांनी माझी नियमपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. एक कर्णधार म्हणाल्या, एकंदर जिंकलेल्या होलांची संख्या मोजा. दुसऱ्या म्हणाल्या, पहिल्या जोडीचा निकाल ग्राह्य धरा. दोन्ही सूचना वाजवी होत्या. परंतु प्रत्येक सूचनेने चषक सूचना करणारीच्याच क्लबकडे जात होता. निकाल ठाऊक झाल्यावर केलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी त्याला स्वार्थाचा वास येतोच. अंधार पडला. ठरवून केलेले जेवण कोणी धड जेवले नाही. चषक कार्यवाहांच्या कपाटात गेला आणि पुढल्या वर्षी सामनाच भरला नाही.

ह्याहून वाईट गोष्ट आमच्या घरात घडली. ज्या फटक्याचे सकाळी कौतुक झाले असते, तोच संध्याकाळी अपराध ठरला. “हातचा चषक दान करून आल्या,” असे सौ.च्याच संघात बोलले गेले. कित्येक महिने त्यांनी मैदानावर पाऊल टाकले नाही. ती मुलगी मिठाईचा पुडा घेऊन आमच्या घरी आली आणि म्हणाली, “काकू, मी नको म्हणायला हवं होतं का?” सौ. म्हणाल्या, “अगं, नको म्हणायची सोयच नाही त्यात. नियम आहे तसा.” मुलगी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “फटका सोडला तो मी सोडला, त्याचं मला काही वाटत नाही. पण बरोबरी झाली तर काय, हे तुम्ही का नाही हो लिहिलंत?”

मित्रहो, ह्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. मात्र पुढे ह्या खेळाचा इतिहास वाचताना मला त्या प्रश्नाचा अर्थ उमगला. १९६९ साली पुरुषांच्या रायडर चषकाच्या शेवटच्या होलावर अमेरिकेच्या जॅक निकलस ह्यांनी ब्रिटनच्या टोनी जॅकलिन ह्यांना असाच जेमतेम दोन फुटांचा फटका बहाल केला आणि लढत १६–१६ अशी सुटली. निकलस ह्यांच्या संघातील काहींना ते रुचले नाही. परंतु बरोबरी झाल्यास चषक आधीच्या विजेत्याकडेच राहावा, असे आधीच ठरलेले होते, आणि आधीचे विजेते अमेरिकन होते. चषक घरी राहिला, आणि ते औदार्य आजही खेळाचे भूषण म्हणून सांगितले जाते. औदार्य तेच, तिथे त्याच्या पाठीशी एक कलम उभे होते. आमच्या सौ.च्या पाठीशी कोणी नव्हते.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली जर्मनीत युरोप आणि अमेरिका ह्यांच्या स्त्रियांमध्ये सोल्हाइम चषकाचा सामना चालू होता. सतराव्या होलावर अमेरिकेच्या ॲलिसन ली हिने आपला जवळचा फटका प्रतिस्पर्ध्यांनी सोडला आहे असे समजून चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पेटरसन हिने ‘आम्ही सोडलेला नाही’ असे सांगितले. नियम पेटरसनच्या बाजूने होता. होल युरोपला मिळाला आणि तो सामनाही. परंतु १०–६ असा मागे पडलेला अमेरिकन संघ त्या दुपारी पेटून खेळला आणि १४½–१३½ ने जिंकला. दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर क्षमा मागितली. नियमाने मिळालेली प्रत्येक गोष्ट घेतलीच पाहिजे असे नाही, हे तिला उमगले. तिच्या ह्या प्रांजळपणाविषयी मला आदर वाटतो. पुढे २०१९ साली स्कॉटलंडमध्ये युरोपला चषक मिळवून देणारा अखेरचा फटका तिनेच मारला.

आणि २०२३ साली स्पेनमध्ये हीच लढत १४–१४ अशी बरोबरीत सुटली. चषक आधीच्या विजेत्याकडे, म्हणजे युरोपकडे राहिला. अमेरिकेच्या खेळाडू खिन्न झाल्या असतील. परंतु चषक कोणाचा, ह्यावर वादाला जागाच नव्हती. ते कलम कोणाचे नुकसान करील हे ठाऊक नसताना लिहिले गेले होते.

आमच्या त्या सामन्याचेही पुढे बरे झाले. एक वर्षाच्या खंडानंतर दोन्ही क्लबांतील दोन-दोन स्त्रिया एकत्र बसल्या आणि त्यांनी माझ्या एकवीस कलमांची नऊ केली. चहाचे कलम त्यांनी गाळले. नववे कलम असे : गुण समान झाल्यास चषक मागील विजेत्याकडे राहील; मागील विजेता नसल्यास दोन्ही क्लब तो सहा-सहा महिने ठेवतील. मसुदा मला दाखविण्यात आला, तो केवळ शुद्धलेखन तपासण्यासाठी. त्या वर्षी सौ. पुन्हा खेळल्या. हरल्या, पण खेळल्या.

आपले मंडळ आज पन्नास वर्षांचे झाले. गावापासून शेकडो कोस दूर आपण एकांकिका, रांगोळी, पाककृती ह्यांच्या स्पर्धा भरवतो, कार्यकारिणी निवडतो, वर्गणी गोळा करतो. इथे आपण सारेच एकमेकांचे नातलग आहोत, आणि म्हणूनच ‘आपल्यात कशाला हवेत नियम?’ असे आपण सहज म्हणून जातो. माझा अनुभव उलट आहे. जिथे माणसे जवळची, तिथे नियम आधी आणि पुरता लिहिलेला असावा. म्हणजे पुढे कोणी मन मोठे करून एखादा हक्क सोडला, तर त्याच्याकडे बोट दाखविण्याची पाळी कोणावर येणार नाही. येत्या गणेशोत्सवातील स्पर्धांची नियमपत्रिका काढताना कार्यवाहांनी एवढे एक कलम अवश्य घालावे, अशी माझी विनंती आहे. शुद्धलेखन तपासून देण्यास मी तयार आहे.