पोटदुखी आणि एरंडेल

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पोटदुखीवर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. मी काही डॉक्टर नव्हे. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे, ती तरी मला सांगता येईल.

१९८७ सालची गोष्ट. माझी धाकटी तेव्हा ११ वर्षांची. सकाळी तिच्या बेंबीभोवती दुखू लागले. आदल्या दिवशी लग्नात जेवून आलेली. मी म्हटले, अपचन! ओवा-मीठ दिले, बेंबीवर हिंगाचा लेप लावला. दुपारी ओकारी झाली. जेवण नको म्हणाली, अंग किंचित तापले, आणि दुखणे बेंबीवरून उजवीकडे, खाली सरकले. घरच्या रिवाजाप्रमाणे रात्री मी तिला एरंडेल पाजले. पहाटे पोर म्हणाली, "आई, आता बरं वाटतंय." मी देवापुढे साखर ठेवली. दहाच्या सुमारास तिला सणकून ताप भरला आणि पोट फळीसारखे ताठ झाले. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटले होते. ते फुटले की आतला ताण सुटून घटकाभर बरे वाटते, हे मला शस्त्रक्रियेनंतर कळले. मुलगी वाचली, पण इस्पितळात काढलेले ते १८ दिवस मी विसरलेले नाही.

जुलाबाने आतडी जोराने आवळतात, म्हणून सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. ओवा-हिंग मी सोडलेले नाहीत. वातावर ते बरेच. हगवण लागली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. पण कारण न कळलेल्या पोटदुखीवर जुलाब देऊ नये. दुखणे चार-सहा तास हटत नसेल, जागा बदलून उजवीकडे खाली येत असेल, खोकताना कळ येत असेल, ओकारी हिरवी होत असेल, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठावा. रात्र असली तरी!

आणि हे आपल्याविषयी. पाळी चुकलेली असून ओटीपोटात एका बाजूला कळ आली, भोवळ आली, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा पोळ्या आटोपून मग बघू, असे म्हणू नका. आपण म्हणतो, मला ठाऊक आहे. मीही म्हणत असे.

एरंडेलाची बाटली माझ्या घरात अजून आहे. टाचांच्या भेगांना लावते.