दार कशाला उघडलं?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत ‘भयपटांचे सुरुवातीचे प्रसंग’ हा विषय वाचून तुमच्यापैकी काही जणी सकाळी हसत होत्या. कोर्टाच्या तारखा, पोटगीचे अर्ज, मोर्चाची तयारी यातून डोकं वर काढायला फुरसत नाही, आणि ही बाई भीतीचे सिनेमे कुठून घेऊन आली? शंका रास्त आहे. म्हणून आधी एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी सांगते.

आमच्या वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या गटाने एका रविवारी ‘स्क्रीम’ हा १९९६ सालचा अमेरिकन भयपट लावला. मीही बसले. सुरुवातीलाच केसी नावाची मुलगी घरात एकटी आहे. शेगडीवर पॉपकॉर्न ठेवलंय. फोन वाजतो, चुकीचा नंबर. पुन्हा वाजतो. पलीकडचा पुरुष गोड बोलतो, तीही हसून उत्तरं देते. मग तो तिचं नाव विचारतो. कशाला हवंय म्हटल्यावर सांगतो, मी कोणाकडे बघतोय ते मला कळायला हवं. त्याबरोबर आमच्या खोलीतल्या दहा-बारा मुली एकदमच ओरडल्या, ‘‘फोन ठेव गं! दारं लाव!’’ प्रसंग संपला, केसी मेली. तेव्हा त्यांच्यातलीच एक म्हणाली, ‘‘मूर्खच होती. अनोळखी माणसाशी एवढं बोलायचं कशाला?’’ बाकीच्यांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात केंद्रात आलेल्या एका बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. नवऱ्यापासून वेगळी राहते. रात्री तो आला, मुलाला बघायचंय म्हणाला, तिने कडी काढली आणि त्याने तिला बेदम मारलं. तक्रार लिहून घेणाऱ्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘दार कशाला उघडलं?’’ तो माणूस वाईट नव्हता, पाणी वगैरे दिलं त्याने. पण प्रश्न तोच, आमच्या मुलीने केसीला विचारलेला. परत येताना मला वाटलं, हा प्रश्न आपल्या तोंडात येतो तरी कुठून? तेव्हापासून मी हे सुरुवातीचे प्रसंग वही-पेन घेऊन पुन्हा पुन्हा बघू लागले.

भय कसं निर्माण करतात, याचं सोपं उत्तर आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने देऊन ठेवलंय. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत. अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि गप्पा तशाच चालू ठेवल्या, तर त्याच साध्या गप्पांनी जीव टांगणीला लागतो. म्हणजे ताण बॉम्बमुळे येत नाही. आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक नाही, या फरकातून तो येतो.

आता ‘जॉज’ घ्या, स्टीव्हन स्पिलबर्गचा १९७५ सालचा. पडद्यावर नावं येताहेत तेव्हाच कॅमेरा पाण्याखालून सरकतोय आणि दोन सुरांचं ते संगीत हळूहळू जवळ येतंय. मग समुद्रकाठी शेकोटीभोवती मुलंमुली जमलेली. क्रिसी नावाची मुलगी रात्रीची पोहायला धावते. तिच्यामागे आलेला मुलगा दारू प्यायलेला, तो वाळूतच आडवा होतो. ती मजेत पोहते. आणि पुन्हा कॅमेरा पाण्याखाली जाऊन तिच्याकडे वर बघतो. मासा कुठेच दिसत नाही. चित्रीकरणात यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडे, त्यामुळे तो दाखवायचं टाळावं लागलं, आणि भीती उलट वाढली. दिसतं ते एवढंच: मुलगी खाली खेचली जाते, इकडून तिकडे ओढली जाते, ओरडते. काठावरचा मुलगा झोपेला आलेला असतो.

मैत्रिणींनो, क्रिसीला ते संगीत ऐकू येत नाही. ते फक्त आपल्यासाठी वाजतं. तिच्या दृष्टीने ती एक छान रात्र आहे. तरीही आपण म्हणतो, ‘‘रात्रीची पाण्यात कशाला उतरली?’’

कॅमेरा कुठे उभा आहे, हा दुसरा मुद्दा. जॉन कार्पेंटरच्या १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ची सुरुवात बघा. १९६३ सालची, हॅलोवीनच्या सणाची रात्र. कुणीतरी बाहेरून एका घराकडे बघतंय आणि आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो. खिडकीतून एक मुलगी मित्राबरोबर दिसते. वरच्या खोलीतला दिवा विझतो. तो कुणीतरी मागच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरतो, सुरी उचलतो, जिना चढतो, मुखवटा घालतो. आता आपल्यालाही फक्त दोन भोकांतून दिसतं. हे सगळं जवळजवळ चार मिनिटं, जणू कुठेही न तोडता. मुलीचा खून होतो. तो बाहेर येतो, गाडीतून आईवडील उतरतात, मुखवटा काढतात. समोर तिचाच सहा वर्षांचा भाऊ, हातात सुरी.

बाईकडे बघणारी सिनेमातली नजर पुरुषाची असते, हे लॉरा मल्व्ही या अभ्यासिकेने १९७५ सालीच मांडलं होतं. इथे तर आपल्याला सरळ मारणाऱ्याच्या जागी नेऊन बसवलंय. आणि एक गोष्ट ऐका. या चित्रपटाची सहलेखिका आणि निर्माती एक स्त्री होती, डेब्रा हिल. या प्रसंगात सुरी धरलेला जो हात दिसतो, तो तिचा. मी तिला दोष देत नाही, ती आपलं काम करत होती. पण नजर पुरुषी असते याचा अर्थ ती फक्त पुरुषांकडेच असते असा नाही, एवढं यातून समजावं. पोलीस ठाण्यात तो प्रश्न पुरुषाने विचारला. सासू, शेजारीण, कधीकधी आपल्यातली कार्यकर्तीही तोच विचारते. मीही विचारलाय, तो दिवस मला आठवतो.

आता पुन्हा केसीकडे येऊ. त्या प्रसंगाचा शेवट आपण भराभर विसरतो. तिला कळल्याबरोबर तिने दारं लावलेली असतात, पोलिसांची धमकी दिलेली असते, शेवटी ती पळतेही. म्हणजे आमच्या मुली जे जे ओरडत होत्या ते बरंचसं तिने केलंच होतं. आईवडील घरी परततात तेव्हा ती हाकेच्या अंतरावर असते. पण गळ्याला मार लागल्याने हाक फुटत नाही. आई घरातला फोन उचलते आणि तिला फोनमध्ये मुलीची धडपड ऐकू येते.

हे बघताना मला मथुराची आठवण झाली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, त्याअर्थी तिने प्रतिकार केला, आरडाओरड केली हे खोटं, असं धरलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

आणखी एक. १९७९ सालच्या ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’मध्ये लहान मुलांना सांभाळायला आलेल्या मुलीला सारखे फोन येतात, मुलांना बघितलंस का, म्हणून. ती कड्या लावते, पोलिसांना कळवते. शेवटी पोलीस सांगतात, फोन त्याच घरातून येतोय. प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांना मात्र याचं नवल वाटणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. तिथे कडी आतून लावून काय होणार?

मग हे सिनेमे बघू नयेत का? मी तसं म्हणत नाही. मुली ‘‘फोन ठेव गं!’’ म्हणून ओरडल्या, तेव्हा त्या केसीच्या बाजूने होत्या. ती आपली वाटल्याशिवाय ताण येतच नाही. ती ओरड मला हवी आहे. बिघडतं ते नंतर. आपल्याला जे दाखवलं गेलं ते तिलाही दिसत होतं, असं आपण धरून चालतो आणि तिचा न्याय करायला बसतो.

म्हणून एक छोटा प्रयोग सुचवते. आम्ही तो गटात केला. ‘जॉज’चा सुरुवातीचा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवला, पाण्याखालून घेतलेली दृश्यं वगळून. मुलींना विचारलं, काय दिसलं? म्हणाल्या, एक मुलगी पोहतेय. मग तोच प्रसंग संगीतासह दाखवला. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी, केसीला मूर्ख म्हणणारी तीच मुलगी म्हणाली, ‘‘ताई, तिला काहीच माहीत नव्हतं.’’

पुढच्या वेळी केंद्रात एखादी बाई समोर बसेल आणि ‘दार कशाला उघडलं?’ हे शब्द ओठांवर येतील, तेव्हा क्षणभर थांबा. तिने कडी काढली तेव्हा कुठलंही संगीत वाजत नव्हतं. बाहेरून आवाज आला होता, मुलाला बघायचंय. आपण विचारायचं ते एवढंच, ‘‘त्याने काय केलं?’’ आणि ते लिहून घ्यायचं, तिच्या शब्दांत.