संगणकाचे शिक्षण आणि विसाव्याचा हक्क



मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. १८८४ मध्ये परळ येथे सभा भरवून त्यांनी ही मागणी मांडली आणि तिच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवार हा आयता लाभलेला नाही, याचे विस्मरण सुशिक्षितांना लवकर होते.

गिरणीचा भोंगा निदान काम संपल्याचे सांगत असे. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला भोंगा नाही. यंत्र घरात आणि काम डोक्यात. त्यातच या विद्येत दर दोन-चार वर्षांनी नवी साधने येतात. त्यामुळे दिवसभर ग्रामपंचायतीत दाखले काढणारा संगणक परिचालक रात्री दीड वाजेपर्यंत नवी संगणकभाषा शिकत बसतो. त्याची जिद्द कौतुकास्पद खरीच. पण सहा महिन्यांनी तोच तरुण यंत्रासमोर बसण्यासही कंटाळलेला दिसला, तर त्याला आळशी ठरविणे अन्यायाचे होईल.

या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव मानसशास्त्रात रुळविले ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारे कार्यकर्तेच हळूहळू विझत चाललेले त्यांना आढळले. अंगचोर माणसे नव्हेत, झोकून देणारी माणसे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली, तेव्हा तिला रोग न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले. दीर्घकाळ न आवरलेला ताण हे तिचे मूळ. थकवा, कामाविषयीचा दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची लक्षणे.

शिक्षकांनी एक जुना प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा. १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करून घेतले. पाठांतरानंतर जागे राहिल्यास विस्मरण अधिक झाले. झोप घेतल्यास बरेच अधिक स्मरणात राहिले. विद्यार्थी दोनच होते, तथापि पुढील संशोधनाने ही दिशा उचलून धरली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व वर्गांतच आज्ञावली-लेखनाचा परिचय सुचविला असल्याने, झोप तोडून सराव करविण्याचा मोह शाळांनी टाळलेला बरा. मध्यरात्री न सापडणारी चूक सकाळी चहा घेताना दिसते, हा अनुभव या व्यवसायात सर्वांच्याच परिचयाचा आहे. दमलेल्या हाताने रात्री केलेली दुरुस्ती तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशीचे काम वाढविते.

केंट बेक या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९९९ मधील आपल्या ग्रंथात यासंबंधी एक साधा दंडक घातला. एक आठवडा जादा काम करावे लागले तर करावे. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात तीच वेळ आली, तर दोष माणसांच्या कष्टात न शोधता कामाच्या आखणीत शोधावा. मार्चअखेरीस कार्यालयांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात, ते समजण्यासारखे आहे. एप्रिलमध्येही ते तसेच जळत असतील, तर कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्यांची हजेरी तपासण्याआधी कामाची वाटणी तपासावी.